मुंबईची वीज, मुळशीची जमीन आणि पारनेरचा सेनापती

आधुनिक नगराचे जीवन ज्या अदृश्य आधारांवर उभे असते, त्यांत विजेचे स्थान अग्रभागी आहे. घरातील दिवा आणि पंखा, उंच इमारतीतील लिफ्ट, वरच्या मजल्यावर पाणी चढविणारा पंप, रुग्णालयातील शस्त्रक्रियागृह, उपनगरी रेल्वे आणि आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल, या सर्वांचा प्राण एकच आहे. दिनांक १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगराचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि अवघ्या काही तासांत या परावलंबनाची जाणीव सर्वांना झाली. एरवी कळ दाबताच हाती येणारी ही शक्ती कोठून येते आणि तिच्यासाठी कोणी काय दिले, याचा विचार नगरवासी सहसा करीत नाहीत.

महाराष्ट्रात मात्र हा विचार शंभर वर्षांपूर्वी अत्यंत तीव्रतेने मांडला गेला. तो मांडणाऱ्यांचे अग्रणी होते अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेरचे सुपुत्र पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट. नगराची सोय आणि खेड्याची जमीन यांतील जो प्रश्न त्यांनी मुळशीच्या खोऱ्यात उपस्थित केला, तो आजही प्रत्येक ग्रामसभेपुढे वेगवेगळ्या रूपांत येत असतो. म्हणूनच त्या इतिहासाचा अभ्यास शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

कोळशाकडून पाण्याकडे

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा परिसर गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. या गिरण्या वाफेवर चालत. त्यासाठी लागणारा दगडी कोळसा दूर बंगालच्या खाणींतून आणावा लागे. कोळशाचा खर्च मालकांना जाचत असे आणि त्याचा धूर गिरणगावातील चाळींना. धुराचा उपद्रव इतका वाढला होता की, १९१२ साली मुंबई सरकारला त्याच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

मुंबईच्या पूर्वेस सह्याद्रीची रांग आहे. घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत विपुल पाऊस पडतो. घाटमाथा आणि कोकणातील पायथा यांच्या उंचीत सुमारे ५०० मीटरचे अंतर आहे. माथ्यावर पाणी साठवून ते मोठ्या नळांतून वेगाने पायथ्याशी सोडले, तर त्याच्या जोरावर चक्रे फिरवून वर्षभर वीज निर्माण करता येते, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. १९०४ साली त्यांचे निधन झाले. परंतु १९१० साली त्यांच्या पुत्रांनी कंपनी स्थापन करून ती कल्पना प्रत्यक्षात आणली. लोणावळ्याच्या परिसरातील जलाशयांवर आधारलेले खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. त्यापाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे कार्यान्वित झाली. यांपैकी भिरा केंद्राला पाणी पुरविणारा जलाशय म्हणजेच मुळशीचे धरण होय.

तांत्रिक दृष्टीने ही योजना देशातील एक अग्रेसर योजना होती. कोळसा जाळावा लागत नव्हता, राख उरत नव्हती, धूर होत नव्हता. उच्च दाबाच्या तारांवरून वीज थेट मुंबईस पोहोचत होती.

विजेने बदललेली नगरी

विजेने मुंबईच्या जीवनात घडवून आणलेला बदल सर्वंकष होता. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली आणि ट्रामगाड्या ओढणाऱ्या घोड्यांची सुटका होऊ लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर विजेवर चालणारी देशातील पहिली रेल्वेगाडी धावली. १९२८ साली पश्चिमेकडील मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. या गाड्या वाफेच्या गाड्यांपेक्षा लवकर वेग घेत आणि लवकर थांबत. त्यामुळे थोड्या थोड्या अंतरावर स्थानके ठेवून अनेक फेऱ्या करणे शक्य झाले. कामाचे ठिकाण एकीकडे आणि बिऱ्हाड दूर दुसरीकडे, ही आजच्या मुंबईची घडण येथून पक्की होत गेली. दाटीवाटीच्या चाळींतून बाहेर पडून उपनगरांत मोकळ्या हवेत राहण्याची संधी अनेक कुटुंबांना मिळाली. कालांतराने त्याच उपनगरी गाडीतील जीवघेणी गर्दी हे नगरजीवनाचे नवे दुःख ठरले.

घरोघरच्या जीवनातही फरक पडला. विजेवरील पिठाच्या गिरणीने स्त्रियांच्या हातातील जात्याचा खुंटा सोडविला. रॉकेलच्या चिमणीचा धूर घरातून गेला. गल्ल्यांतून दिवे आल्याने रात्रीचा वावर निर्धास्त झाला आणि दिवसा राबणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा चालविणे सुकर झाले.

परंतु याच प्रकाशाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. जलविद्युत येण्यापूर्वीच काही गिरण्यांनी स्वतःच्या यंत्रांवर वीज निर्माण करून दिवे लावले होते. तोपर्यंत कामाचा दिवस सूर्याच्या उदयास्ताने बांधलेला होता. दिवे आल्यावर ते बंधन उरले नाही. या शतकारंभीच्या तेजीत, विशेषतः १९०५ च्या सुमारास, अनेक गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला आणि कामगारांत असंतोष पसरला. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे काम दिवसाला १२ तासांवर आणले. पुढे १९२२ मध्ये ११ तास, १९३४ मध्ये १० तास आणि १९४८ च्या कायद्याने ९ तास अशी मर्यादा येत गेली. त्यापूर्वी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली होती.

या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. दिव्याने कामगाराचे कल्याण आपोआप केले नाही आणि अकल्याणही आपोआप केले नाही. दिवा कोणाच्या हाती आहे आणि त्याच्या वापरावर कोणता नियम आहे, यावर ते अवलंबून राहिले. यंत्राने दिवस लांबविला. संघटनेने आणि कायद्याने तो पुन्हा माणसाच्या आवाक्यात आणला.

मुळशीचा प्रश्न

नगराचा लाभ असा मोजता येत होता. त्याची किंमत मात्र दूर मावळात मोजली जात होती. पुणे जिल्ह्यात नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण बांधण्याचे काम टाटा कंपनीने हाती घेतले. या धरणाने मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावे बाधित होणार होती. हा प्रदेश भातशेतीचा. येथील आंबेमोहोर तांदळाची कीर्ती पुण्यापर्यंत होती. पिढ्यान् पिढ्या हीच खाचरे कसणाऱ्या मावळ्यांना दुसरा व्यवसाय ठाऊक नव्हता.

रीतसर संपादन पुरे होण्यापूर्वीच शेतांतून चाचणीचे चर खोदण्यास प्रारंभ झाल्याने शेतकऱ्यांत संताप उसळला. सरकारच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्या कायद्यानुसार सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन घेताना मालकास पैशांत मोबदला देण्याची तरतूद होती. संमती विचारण्याची नव्हती. पुनर्वसन हा शब्दही त्या काळच्या कारभाराला अपरिचित होता.

येथे एक गुंतागुंतीची बाब होती. मुळशी पेट्यातील पुष्कळशी जमीन कागदोपत्री पुण्यातील सावकारांकडे गेलेली होती. त्यांपैकी अनेकांना वाढीव मोबदला मिळाल्यास धरण होण्याला हरकत नव्हती. जो प्रत्यक्ष कसत होता, परंतु ज्याचे नाव कागदावर नव्हते, त्याच्या हाती मात्र मोबदल्यातून काहीच पडणार नव्हते. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा या कसणाऱ्यांची होती. पैसा घेऊन जमीन सोडणे त्यांना परवडणारे नव्हते, कारण पैसा संपतो आणि जमीन दरवर्षी पिकते, हा त्यांचा साधा हिशेब होता.

पारनेरचा सेनापती

या आंदोलनाचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शिक्षणानंतर १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून ते विलायतेस गेले. तेथे त्यांनी जो विषय निवडला तो अभियांत्रिकीचा होता. पुढे क्रांतिकारक चळवळीत पडल्याने शिष्यवृत्ती गेली. पॅरिस येथे बाँबविद्या आत्मसात करून १९०८ मध्ये ते मायदेशी परतले, अज्ञातवासात राहिले, १९१२ मध्ये पकडले गेले आणि १९१५ मध्ये सुटले. त्यानंतर पारनेरास असताना त्यांनी हाती झाडू घेऊन गावचे रस्ते स्वच्छ करण्याचे व्रत चालविले. सार्वजनिक स्वच्छता हे कोणा एका जातीचे काम नसून प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, हा धडा त्यांनी आपल्या कृतीने दिला.

मुळशीच्या आंदोलनाला यंत्राचा आंधळा विरोध म्हणून बाजूला सारता येत नाही, याचे एक कारण येथे सापडते. आंदोलनाचा अग्रणी यंत्रविद्येचा विद्यार्थी होता. धरण कसे बांधतात आणि वीज कशी निर्माण होते, हे त्याला अपरिचित नव्हते. त्याचा प्रश्न यंत्राविषयी नव्हता. कोणाच्या लाभासाठी कोणाचा घास काढून घ्यावयाचा आणि तो निर्णय कोणी करावयाचा, हा होता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे सत्याग्रहींनी धरणाच्या जागेवर जाऊन काम थांबविले. विनायकराव भुस्कुटे हे या आंदोलनाचे दुसरे प्रमुख नेते होते. स्त्रियाही मोठ्या धैर्याने सहभागी झाल्या. काम काही महिन्यांपुरते स्थगित झाले; परंतु वर्षअखेरीस ते पुन्हा सुरू होताच सत्याग्रहाचे दुसरे पर्व सुरू झाले. धरपकड झाली, शिक्षा झाल्या. हळूहळू अनेकांनी मोबदला स्वीकारला आणि आंदोलनाचे बळ ओसरले. बापट मात्र मागे हटले नाहीत. डिसेंबर १९२४ मध्ये बांधकामाची रेल्वेगाडी अडविल्याप्रकरणी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९३१ साली त्यांची सुटका झाली. याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ ही उपाधी दिली.

फलित आणि त्यानंतर

धरण पूर्ण झाले. १९२७ साली भिरा केंद्रातून वीज मुंबईस पोहोचू लागली. त्या दृष्टीने सत्याग्रह अयशस्वी ठरला. परंतु धरणाने विस्थापित होणाऱ्यांची बाजू संघटितपणे मांडणारे हे जगातील अगदी आरंभीचे आंदोलन होय, असे त्याचे स्थान अभ्यासकांनी मान्य केले आहे.

त्याने उपस्थित केलेल्या प्रश्नांची दखल घेण्यास कायद्याला दीर्घ काळ लागला. धरणे आणि अन्य प्रकल्पांमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ साली स्वतंत्र कायदा केला. देशातील अशा प्रकारच्या पहिल्या कायद्यांत त्याची गणना होते. पुढे १९८६ आणि १९९९ साली सुधारित कायदे झाले. १८९४ चा भूसंपादन कायदा तर १ जानेवारी २०१४ पर्यंत अस्तित्वात राहिला. त्या दिवसापासून अमलात आलेल्या नव्या केंद्रीय कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन, ग्रामसभेशी विचारविनिमय आणि पुनर्वसन या बाबींना स्थान दिले. जमिनीवर उपजीविका असणारा, परंतु मालक नसणारा मनुष्यही बाधित मानला जाऊ लागला. मुळशीच्या मावळ्याने १९२१ साली जे मागितले, ते कायद्याच्या पुस्तकात येण्यास नव्वदहून अधिक वर्षे लागली.

पाण्याचा प्रश्नही त्या धरणाबरोबरच जन्मास आला. पुणे जिल्ह्यातील ही मुळा नदी स्वभावतः पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाणारी आहे. वीजनिर्मितीसाठी तिचे पाणी पश्चिमेकडे कोकणात वळविण्यात आले. (पारनेर तालुक्याच्या उत्तरेस वाहणारी मुळा निराळी, ती प्रवरेस मिळून गोदावरीच्या खोऱ्यात जाते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.) भीमेच्या खोऱ्यातील अवर्षणग्रस्त तालुक्यांसाठी हे पाणी पुन्हा पूर्वेकडे द्यावे, अशी मागणी वेळोवेळी होत आली आहे. महानगराचा प्रकाश आणि दुष्काळी रानाचे पाणी यांचा हा हिशेब अद्याप मिटलेला नाही.

मुंबईत माहीमपासून लोअर परळपर्यंत पश्चिम रेल्वेला समांतर जाणाऱ्या रस्त्यास सेनापती बापट मार्ग असे नाव आहे. ज्या गिरण्यांसाठी ही वीज आली, त्यांपैकी काही याच परिसरात होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमाने बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर कार्यालये, बाजारसंकुले व उंच मनोरे उभे राहिले. विजेची भूक मात्र कमी झाली नाही. यंत्रमागाऐवजी वातानुकूलन यंत्रे आणि संगणक ती वीज घेऊ लागले.

पारनेर तालुक्याचा अनुभव

पारनेर तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. पाण्याच्या अभावी येथील असंख्य कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या मुंबईची वाट धरली. नगराच्या यंत्राला खेडे केवळ पाणी आणि जमीन पुरविते असे नव्हे, तर माणसेही पुरविते, याचे हा तालुका बोलके उदाहरण आहे.

याच तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावाने १९७५ नंतर निराळी दिशा दाखविली. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने नालाबांध, पाझर तलाव, समतल चर आणि वृक्षलागवड यांच्या साह्याने शिवारातील पाणी शिवारातच मुरविले. सामुदायिक विहिरींच्या पाण्याचे वाटप गावानेच ठरविले आणि अति पाणी पिणाऱ्या पिकांवर स्वतःहून बंधन घातले. येथे वापरलेले तंत्र मुळशीच्या धरणाच्या मानाने अगदी साधे होते. परंतु त्याचा लाभ आणि त्याचा भार एकाच गावाच्या माथी होता आणि निर्णय ग्रामसभेत होत होता. त्यामुळे ते लोकांना परके वाटले नाही.

विजेच्या बाबतीतही तालुक्याचे स्थान बदलत आहे. सुपे परिसरातील डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी यासाठी राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, तेव्हा प्रारंभीच्या प्रकल्पांसाठी यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबीबरोबर राळेगणसिद्धीची निवड झाली. ज्या शेतकऱ्याला आठवड्यामागून आठवडे रात्रीच्या वेळी पाणी धरण्यासाठी रानात जावे लागते, साप-विंचवाचे आणि बिबट्याचे भय घेऊन दारे मोडावी लागतात, त्याच्या दृष्टीने दिवसाची वीज ही केवळ सोय नव्हे. ती निश्चिंत झोप आहे. गिरणीतील दिव्याने शतकापूर्वी कामगाराची रात्र हिरावून घेतली होती. शेतावरील सौर वीज शेतकऱ्याला त्याची रात्र परत देऊ शकते.

या योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घेण्याची तरतूद आहे. भाडे प्रतिवर्षी हेक्टरी किमान १ लाख २५ हजार रुपये असून त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होते. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. मुळशीच्या काळातील एकरकमी मोबदल्याशी तुलना करता हा फरक मूलगामी आहे.

पंचायतींपुढील कर्तव्य

तथापि, मुळशीचा धडा येथेही विसरता येणार नाही. सौर प्रकल्पांसाठी शासकीय आणि गायरान जमिनींचाही उपयोग होतो. गायरान कागदोपत्री पडीक दिसते. परंतु मेंढपाळाची मेंढरे, भूमिहीनाची शेळी आणि गरिबाचे सरपण त्यावरच अवलंबून असते. १९२१ साली सावकाराचे नाव कागदावर होते आणि कसणारा कागदाबाहेर होता. आजच्या गायरानावर कागदाबाहेर कोण आहे, हे तलाठ्याच्या दप्तरातून कळणार नाही. ते गावकऱ्यांनाच ठाऊक असते आणि म्हणूनच ते ग्रामसभेत बोलले गेले पाहिजे.

गावात कोणताही मोठा प्रकल्प येऊ घातला असता पंचायत सदस्यांनी काही प्रश्न आधीच विचारावेत. या जमिनीवर, पाण्यावर किंवा डोंगरावर आज कोणकोणाचे पोट आहे आणि त्यांपैकी किती जणांची नावे सात-बाराच्या उताऱ्यावर आहेत? मिळणारा मोबदला एकदाच मिळणार की दरवर्षी? निर्माण होणाऱ्या विजेचा अथवा पाण्याचा काही भाग याच गावाला मिळणार काय? प्रकल्पाची मुदत संपल्यावर जमीन कोणत्या स्थितीत परत मिळेल? या प्रश्नांची उत्तरे ठरावाच्या इतिवृत्तात लेखी नोंदवावीत. तोंडी आश्वासन अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जाते; इतिवृत्त दप्तरात राहते.

शिक्षकांना या विषयात भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र एकत्र शिकविण्याची संधी आहे. आपल्या गावात येणारी वीज कोणत्या उपकेंद्रातून येते, तेथवर ती कोठून येते आणि आपल्या ओढ्याचे पाणी अखेरीस कोणत्या नदीस मिळते, याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. गावातून मुंबईस गेलेल्या वडीलधाऱ्यांकडून गिरणीतील पाळ्या आणि चाळीतील बिऱ्हाडे यांची माहिती त्यांनी लिहून आणावी. अधिकाऱ्यांनीही प्रकल्पाची माहिती मराठीत, सोप्या भाषेत आणि जमीन मोजण्यापूर्वी ग्रामसभेपुढे ठेवावी. मुळशीत आधी चर खोदले गेले आणि विचारणा नंतर झाली. पुढील सारी कटुता त्या उलट्या क्रमातून निर्माण झाली.

सेनापती बापट यांनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकविला आणि २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मगावच्या तालुक्यातील डोंगर आणि माळ आता स्वतःच वीज निर्माण करू लागले आहेत. महानगराचा दिवा पेटता राहिला पाहिजे, कारण त्याखाली लक्षावधी लोकांचे जीवन चालते आणि त्यांत पारनेरची कितीतरी कुटुंबे आहेत. परंतु तो पेटविताना दुसऱ्या टोकाच्या घरात अंधार होत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी शासन, पंचायत आणि नागरिक या सर्वांची आहे.